सावलीचा रंग कोणता?

आज एक अगदी साधा प्रश्न घेऊन आपल्यापुढे आलो आहे. सावलीचा रंग कोणता? शाळेतल्या कोणत्याही मुलाला विचारा, तो चटकन 'काळा' म्हणून सांगेल. मोठी माणसेही तेच सांगतील. कारण आपण सावलीकडे पाहून उत्तर देतच नाही. ते आपल्याला पाठ झालेले असते. आता असे करा. थंडीच्या दिवसांत, आभाळ निरभ्र असताना, चुना दिलेल्या पांढऱ्या भिंतीवर सकाळी झाडाची सावली पडते ना, तिच्याकडे कागदाच्या सुरळीतून, एक डोळा मिटून बघा. भोवतालचे काही दिसू देऊ नका. सावली काळी दिसणार नाही, निळसर दिसेल. यात जादू काही नाही. झाडाने सूर्याचा थेट उजेड अडवला, पण वरच्या निळ्या आभाळाचा उजेड त्याने कुठे अडवला आहे? तो त्या जागी पोचतोच. तांबड्या मातीवर तीच सावली जांभळट होते. गुरुजींनी हा प्रयोग मुलांना अवश्य करून दाखवावा. त्याला खर्च काय तो जुन्या वहीच्या एका पानाचा.

ही एवढीशी गोष्ट चित्रात रंगवली म्हणून फ्रान्समध्ये काही चित्रकारांची पॅरिस शहराने मनसोक्त टिंगल केली होती. ही गोष्ट १८७४ सालची. त्या चित्रकारांना जग पुढे 'इम्प्रेशनिस्ट' म्हणू लागले. आपल्याकडे त्यांच्या पंथाला 'दृक्प्रत्ययवाद' असे भारदस्त नाव आहे. नाव जड आहे खरे, पण अर्थ सोपा आहे. दृक् म्हणजे डोळा. डोळ्याला त्या घटकेला जे प्रत्ययास आले, ते रंगवायचे.

त्या काळी पॅरिसमध्ये सालों नावाचे मोठे सरकारमान्य प्रदर्शन भरे. तिथे चित्र लागले तर चित्रकाराला गिऱ्हाईक. नाही लागले तर त्याला कुणी विचारायचे नाही. परीक्षक मंडळी जुन्या वळणाची. त्यांना चित्रात पुराणातले देव हवे असत, राजे आणि लढाया हव्या असत. ही चित्रे चित्रशाळेत बसून, एका खिडकीच्या उजेडात, महिनोन्महिने घोटली जात. रंग तपकिरी, सावल्या डांबरासारख्या, आणि वरून हात फिरवला तर कुंचल्याची रेघ लागू नये इतकी गुळगुळीत. शेतकरी चित्रात आलाच नव्हता असे मात्र नाही. मिये या चित्रकाराने १८५७ साली कापणी झालेल्या शेतात सरवा वेचणाऱ्या तीन बाया काढल्या होत्या, आणि वाकलेल्या पाठींचे ते चित्र पाहून पॅरिसची सुखवस्तू मंडळी अस्वस्थही झाली होती. बाहेर जाऊन झाडा-डोंगरांची टिपणे काढण्याचाही रिवाज होता. पण ती टिपणेच. खरे चित्र व्हायचे ते घरी परत आल्यावर.

ते घरातून बाहेर कसे पडले, याचे एक कारण मोठे गमतीचे आहे. तेलात खललेले रंग पूर्वी डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत. टाचणीने भोक पाडायचे, हवा तेवढा रंग दाबून काढायचा आणि भोक बुजवायचे. पिशवी फुटे, रंग वाळे. असले लटांबर घेऊन रानात कोण जाणार? १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने मऊ धातूची, स्क्रूच्या टोपणाची नळी काढली. दात घासायच्या पेस्टची नळी तुम्ही पाहिली आहे, ती याच नळीची पुढची भावंड. नळी आली आणि रंग खिशात मावू लागला. त्याच सुमारास रसायनशास्त्राने निळे, हिरवे, पिवळे असे नवे झगझगीत रंग करून दिले, आणि पॅरिसहून खेड्यापाड्यांकडे आगगाड्या धावू लागल्या. सकाळच्या गाडीने निघावे, नदीकाठी दिवसभर चित्र काढावे, संध्याकाळी परत यावे. पाठीवर पेटी, काखेत कॅनव्हास, आणि तो उभा करायला फळ्याच्या तिकाटण्यासारखी एक घडीची घोडी. झाली चित्रशाळा!

या मंडळींतला सर्वांत हट्टी म्हणजे क्लोद मोने. १८४० चा जन्म, समुद्रकाठच्या ल हाव्र गावात वाढलेला. १८६६ साली, पंचविशीत असताना, बागेतल्या चार स्त्रियांचे एक चित्र त्याने काढायला घेतले, आणि काढायचे ते सगळे बाहेर उन्हातच असे ठरवले. कॅनव्हास आठ फुटांहून उंच. वरचा भाग रंगवायला शिडीवर चढावे, तर बघण्याची जागाच बदलते. मग याने काय करावे? बागेत चर खणला! वरचा भाग रंगवायचा असला की कप्पीने कॅनव्हास त्या चरात खाली सोडायचा. पांढऱ्या झग्यांवर झाडांच्या निळ्या-हिरव्या सावल्या पडल्या आहेत, असे ते चित्र. सालोंने पुढच्या वर्षी ते नाकारले. मोनेच्या खिशात दमडी नव्हती. बाझीय नावाच्या चित्रकार मित्राने ते अडीच हजार फ्रँकला घेतले आणि पैसे महिना पन्नास फ्रँक याप्रमाणे हप्त्याने दिले. मित्राची मान खाली न घालता त्याला मदत करायची ही तऱ्हा! हेच चित्र फ्रेंच सरकारने १९२१ साली मोनेकडून दोन लाख फ्रँकला विकत घेतले. ते पाहायला बाझीय मात्र नव्हता. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध जुंपले, तो सैन्यात गेला आणि नोव्हेंबरात लढाईत मारला गेला. वय अवघे अठ्ठावीस.

त्याच १८७० च्या उन्हाळ्यात मोनेने त्रूव्हीलच्या समुद्रकाठी दोन स्त्रियांचे एक छोटे चित्र काढले. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तज्ज्ञांनी ते भिंगाखाली तपासले तेव्हा रंगात वाळूचे कण आणि शिंपल्यांचा चुरा अडकलेला सापडला. वारा सुटला असणार आणि ओल्या रंगावर वाळू उडाली असणार. चित्र त्या किनाऱ्यावरच काढले याची याहून पक्की साक्ष कुठली हवी?

आता मी ज्याच्याविषयी विशेष बोलणार आहे, त्याच्याकडे वळतो. कामीय पिसारो. मोनेचे नाव पुष्कळांच्या कानावर असते, पण माझा स्वतःचा ओढा पिसारोकडे, आणि खेड्यातल्या माणसाला तो जवळचा वाटेल असा माझा अंदाज आहे. वेस्ट इंडीजमधल्या सेंट टॉमस बेटावर १८३० साली एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला. बापाचे दुकान सोडून तो चित्रकार झाला आणि फ्रान्सच्या खेड्यांत राहिला. बायको ज्यूली ही त्याच्या आईकडे कामाला असलेली मुलगी. घरात मुले पुष्कळ आणि उत्पन्न बेताचे. ज्यूली परसात भाजी लावायची, कोंबड्या पाळायची. त्यावर कितीतरी दिवस निभावले. युद्धात प्रशियन सैनिकांनी त्याच्या घरात तळ ठोकला, तेव्हा हा कुटुंबासह लंडनला निघून गेला होता. परत येऊन पाहतो तो वीस वर्षांत काढलेल्या सुमारे पंधराशे चित्रांपैकी जेमतेम चाळीस शिल्लक. बागेतल्या चिखलात पाय बुडू नयेत म्हणून शिपायांनी त्याचे कॅनव्हास जमिनीवर अंथरले होते. एखादा माणूस खचला असता. हा पाँत्वाझ गावी गेला आणि पुन्हा शेतांत उभा राहिला.

तिथे १८७३ साली त्याने काढलेले एक चित्र तुमच्या डोळ्यांपुढे उभे करतो. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, तेव्हा तुम्हीच मनात काढा. नांगरलेले चढाचे रान. थंडीची सकाळ, मातीवर पांढरे दहिवर गोठलेले. तिरक्या जुन्या वाटेने एक शेतकरी पाठीवर फाट्यांचा भारा घेऊन, काठी टेकीत चढण चढतो आहे. माणूस लहानसाच आहे. सूर्य चित्रात दिसत नाही. आणि त्या सगळ्या रानावरून, तासांना आडव्या, लांबच लांब निळसर सावल्यांचे पट्टे पडले आहेत. कसल्या सावल्या? रस्त्याकडेच्या पॉप्लर झाडांच्या. ती झाडे कुठे आहेत? चित्राच्या बाहेर! आपण उभे आहोत त्या बाजूला कुठेतरी. चित्राचे नावच 'पांढरे दहिवर'. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

सालोंच्या दारात किती दिवस उभे राहायचे, म्हणून मोने, पिसारो, रेन्वार, सिस्ली, देगा, बर्थ मोरिसो वगैरे तीसेक जणांनी आपसात सहकारी मंडळी काढली. नादार या प्रसिद्ध फोटोग्राफरच्या रिकाम्या स्टुडिओत १५ एप्रिल १८७४ रोजी त्यांनी स्वतःचे प्रदर्शन उघडले. प्रवेशाला एक फ्रँक. महिनाभरात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे आली. पुष्कळशी हसायला आली. लुई लरॉय या विनोदी लेखकाने एका वर्तमानपत्रात एका जुन्या वळणाच्या चित्रकाराचे काल्पनिक संभाषण लिहिले. हा गृहस्थ प्रदर्शन बघत फिरतो आणि बघता बघता वेडा होतो! पिसारोच्या 'दहिवरा'शी पोचल्यावर त्याला ते रानही दिसत नाही आणि दहिवरही. मळक्या कापडावर पॅलेटची खरवड फासली आहे असे त्याला वाटते. ल हाव्र बंदरातल्या धुकट सूर्योदयाच्या मोनेच्या चित्राचे नाव होते 'इम्प्रेशन'. ते नाव पकडून लरॉयने साऱ्यांनाच 'इम्प्रेशनिस्ट' म्हणून चिडवले. चिडवण्यासाठी ठेवलेले नाव या मंडळींनी पुढे आपणच लावून घेतले.

टिंगलीचे सोडा. पण कास्तान्यारी नावाचा एक समीक्षक या मंडळींना अनुकूल होता, त्यानेही पिसारोला दोष दिला. दोष कोणता? तर चित्राच्या चौकटीबाहेर असलेल्या झाडांच्या सावल्या त्याने चित्रात घेतल्या! झाड नाही आणि सावली आहे, हे त्याला पटेना. मला तर हाच त्या चित्राचा प्राण वाटतो. शेतात पहाटे गेलेल्या माणसाला विचारा. बांधावरच्या निंबाची सावली पुढे पिकावर पडलेली त्याला दिसते, आणि निंब त्याच्या पाठीशी असतो. तो मागे वळून निंबाची खात्री करून घेत नाही. जिथे उभा आहे तिथून जे दिसते ते असे असते. चित्रशाळेत बसून मांडणी केलेल्या रानात मात्र असली सावली कधीच पडायची नाही.

प्रदर्शनाचा हिशेब केला तेव्हा तोटा आला आणि ती सहकारी मंडळी वर्षअखेर मोडली. तरीही १८८६ पर्यंत मिळून आठ प्रदर्शने झाली. कुणी मधे गळले, कुणी भांडले. आठही प्रदर्शनांत चित्रे लावणारा माणूस एकच, पिसारो.

त्यांनी काय काय रंगवले? रेन्वारने १८७६ साली रविवारच्या दुपारी झाडांखाली नाचणारी पॅरिसची कामकरी तरुण माणसे रंगवली. पानांतून गळणारे कवडसे त्यांच्या पाठींवर आणि टोप्यांवर सांडले आहेत. रेन्वार शिंप्याचा मुलगा, लहानपणी चिनी मातीच्या भांड्यांवर फुले काढायचा, आणि खरे सांगायचे तर ती गोडी त्याच्या चित्रांत कधी कधी जरा जास्तच उतरते. सिस्लीने १८७६ च्या पुरात बुडालेले नदीकाठचे दारूचे दुकान काढले, आणि तेही आरडाओरड नाही, आकांत नाही. शांत पसरलेले पाणी, त्यात आभाळ, आणि होडीतून ये-जा करणारी माणसे. बिचारा आयुष्यभर पैशाच्या विवंचनेत राहिला आणि १८९९ साली तसाच गेला. मोनेने १८७७ साली पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनात ठाण मांडून वाफ आणि धूर यांची डझनभर चित्रे काढली. देगाला मात्र हे उघड्यावर बसणे मुळीच मानवत नसे. तो प्रदर्शनाला यांच्याबरोबर असे, पण काम घरात करी.

बर्थ मोरिसोविषयी दोन शब्द अधिक बोलायला हवेत. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत १८९७ पर्यंत मुलींना प्रवेशच नव्हता. चांगल्या घरच्या बाईने एकटीने उपाहारगृहात बसावे, रस्त्यावर घोडी मांडून चित्र काढावे, हे त्या समाजाला खपणारे नव्हते. म्हणजे बरोबरीच्या पुरुषांना जे सबंध शहर उघडे होते, ते हिला नव्हते. मग जे आवाक्यात होते ते तिने रंगवले: बागा, अंगण, पाळण्याशी बसलेली तिची बहीण. १८७५ साली तिने उघड्या मैदानात दोऱ्यांवर धुणे वाळत घालणाऱ्या बायका रंगवल्या. पांढऱ्या कापडाचा एकेक तुकडा कुंचल्याच्या एकेका फटकाऱ्याने काढला आहे, आणि तो वाऱ्यावर हलतो आहे असे वाटते. धुणे वाळत घालणे हा चित्राचा विषय होऊ शकतो, असे तोवर किती चित्रकारांच्या मनात आले असेल?

यांच्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मी झटकून टाकणार नाही. म्हणतात, यांना ऊन दिसले, पण उन्हात राबणाऱ्याचा घाम दिसला नाही. मोनेच्या बाबतीत यात तथ्य आहे. त्याच्या चित्रांतली माणसे हळूहळू लहान होत गेली आणि शेवटी नाहीशीच झाली. पिसारोचे तसे नाही. पण त्याने मियेसारखी शेतकऱ्याची मूर्तीही केली नाही. १८९२ च्या सुमारास पुऱ्या केलेल्या त्याच्या एका मोठ्या चित्रात दोन तरुण शेतकरी बायका कामातून उसंत काढून रानात बोलत बसल्या आहेत. बस्स, एवढेच. बाजाराच्या चित्रांतही बाया भाव करतात, टोपली सावरतात, उगाच इकडेतिकडे बघतात. कष्टकऱ्याचे दुःख दाखवायचे तर त्याला सदा वाकलेलाच दाखवला पाहिजे, असे त्याला वाटत नसावे. हे चूक की बरोबर, यावर मास्तर मंडळींनी वाद घालावा. माझे मत पिसारोच्या बाजूने.

मोनेने मात्र एका गोष्टीत कमाल केली. जिव्हेर्नी गावात त्याच्या घरालगतच्या शेतात गव्हाच्या पेंढ्यांच्या मोठाल्या सुड्या रचलेल्या असत. मळणीचे यंत्र गावोगाव फिरायचे, त्याची पाळी येईपर्यंत या सुड्या हिवाळाभर उभ्या. कणसे आत, आणि वर पेंढ्याचे छप्पर. १८९० च्या अखेरीस मोने या सुड्यांसमोर उभा राहिला. उजेड पालटला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा. त्याची सावत्र मुलगी ब्लांश कॅनव्हास वाहून न्यायला मदत करी. सकाळचा एक, दुपारचा एक, बर्फ पडल्यावरचा एक, मावळतीचा एक. दुसऱ्या दिवशी ती वेळ आली की पुन्हा पहिला कॅनव्हास. अशी सुमारे पंचवीस चित्रे झाली, आणि १८९१ च्या मे महिन्यात त्यांतली पंधरा पॅरिसमध्ये मांडली ती थोड्याच दिवसांत विकली गेली. वस्तू तीच, जागा तीच. पण एका चित्रात सुडी सोन्याची, एकात जांभळी, एकात पेटलेल्या निखाऱ्यासारखी. त्यांतलेच एक चित्र २०१९ साली न्यूयॉर्कच्या लिलावात अकरा कोटी डॉलरांहून अधिक किमतीला गेले. त्या पैशात किती गव्हाच्या सुड्या येतील याचा हिशेब मुलांना गणिताच्या तासाला घालायला हरकत नाही!

असाच दुसरा किस्सा. १८९१ साली तो नदीकाठच्या पॉप्लर झाडांची रांग रंगवत होता. चित्रे अर्धवट असतानाच कळले की झाडांचा लिलाव होणार आणि ती तुटणार. मोनेने लाकडाच्या व्यापाऱ्याला गाठले, लिलावात आपला पैसा घातला आणि चित्रे पुरी होईपर्यंत झाडे उभी राहू द्यायला लावली. मग ती तुटली. चित्रे राहिली आहेत.

ही दृष्टी आपल्याकडेही पोचली. इंदूरच्या चित्रकला विद्यालयात देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेले ना. श्री. बेंद्रे यांची सुरुवातीची निसर्गचित्रे ज्यांना पाहायला मिळतील, त्यांना ते सहज जाणवेल.

पिसारोचे शेवटी काय झाले, ते सांगायचे राहिले. म्हातारपणी त्याच्या डोळ्याला जुनाट दुखणे जडले. वारा आणि धूळ लागली की डोळा चिघळायचा. उघड्यावर उभे राहून जन्म काढलेल्या माणसाला डॉक्टरांनी उघड्यावर जायला मनाई केली. तो शहरात हॉटेलची वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेई आणि बंद खिडकीपाशी घोडी मांडून खालचा रस्ता रंगवी. १८९७ साली पॅरिसच्या माँमार्त्र रस्त्याची अशी चौदा चित्रे त्याने एका हॉटेलातून काढली. घोडागाड्यांच्या रांगा, पायी चालणारी माणसे, झाडांना फुटलेली पालवी. सकाळ, पाऊस, धुके, ऊन. त्यांत रात्रीचे चित्र एकच आहे. ओल्या रस्त्यावर दिव्यांचा उजेड सांडला आहे, वर आभाळ गडद निळे, आणि माणसे म्हणजे नुसते ठिपके. त्या चित्रावर त्याने सही केली नाही आणि हयातीत ते कुठल्या प्रदर्शनातही लावले नाही. १९०३ च्या नोव्हेंबरात तो वारला. ते चित्र आता लंडनला आहे.